तिसरं तळं

वीस वर्षं डोंगरसहली नेणाऱ्या दादाने गुडघे बोलू लागल्यावर यंदाच्या उन्हाळ्यात पुढारपण धाकट्या बहिणीकडे सोपवलं. वाटेतल्या दुसऱ्या तळ्यात दादासकट सहलीतले बाराही जण पाय सोडून बसले असताना तिला खिंडीमागून काळा ढग चढताना दिसला. "मागे फिरायचं," ती म्हणाली. "अगं, तिसरं तळं वीस मिनिटांवर आहे!" दादा हसला. "मी आयुष्य काढलंय इथे." सगळ्यांच्या नजरा दादाकडे वळल्या. तिने खिंडीकडे बोट दाखवलं. "वर उघडा कातळ. वीज कडाडली तर आसरा कुठे शोधणार? बूट घाला." दादाने बूट ओढून नाड्या बांधल्या. पायथ्याशी उभ्या बसपाशी पोचेपर्यंत आभाळ लख्ख झालं होतं. "एक थेंब पडला नाही!" कुणीतरी कुरकुरलं. "तळं कुठे पळून जातंय?" ती म्हणाली. "पुढच्या रविवारी कोण येणार?" पहिला हात दादाचा होता.