चौदा नंबरचं छत

"ती चकचकीत पॉलिशची बाटली नको," म्हणत ओनेलियानं ती बहिणीच्या हातातून काढून घेतली आणि कुंपणापलीकडे भिरकावली.

"अगं ताई, विकायच्या गाडीला चमक नको?" डिग्ना म्हणाली.

"विकायची म्हणून कुणी सांगितलं? आणि डॅशबोर्ड असा चमकवला, की घाटात तिसऱ्या वळणावर ऊन समोरून येतं तेव्हा सगळी चमक काचेवर उतरते. रस्ताच दिसत नाही."

"हे भाऊजी सांगायचे?"

"ब्रश दे इकडे."

गाडी चिंचेच्या सावलीत उभी होती. तापलेल्या चामड्याला साबण लावू नये, एवढं बानी गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पुढच्या दोन सीटना खरं चामडं होतं, मागे आणि छताला रेक्झिन. ओनेलियानं मऊ ब्रशवर साबणाचा नुसता फेस घेतला आणि शिवणीशिवणीतून फिरवला. मग ओलं फडकं, मग कोरडं, मग बोटाच्या टोकाएवढं मलम. स्टिअरिंगला मात्र काही लावलं नाही, हातातून निसटतं म्हणून.

तिचा नवरा फाउस्तो जाऊन दहा दिवस झाले होते. नवव्या दिवसाची प्रार्थना उरकली नाही तोच भाड्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हर संघाचा अध्यक्ष एरास्मो कॉफीचा कप हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वहिनी, ओकोआच्या घाटात गाडी चालवायचा चौदा नंबर मोकळा झाला. माझा मेहुणा गाडी घेईल. बाईमाणसानं उगाच ओझं का वाहायचं?"

"नियम काय म्हणतो?" ओनेलियानं विचारलं होतं.

"मेलेल्याचा नंबर त्यालाच मिळतो, ज्यानं तीच गाडी घाटात पाच वर्षं चालवली. तुमच्या घरात आहे का असं कुणी?"

"उद्या अकरा वाजता नियमाची वही घेऊन या. गाडी बघा, मग बोला."

लोक हसले होते. नवरा गेल्यावर बाईचं डोकं फिरलं, असंही कुणी पुटपुटलं.

डिग्ना आता छताकडे बोट दाखवत होती. "हा केसांच्या तेलाचा डाग तरी काढ. किती मोठा झालाय!"

"त्याला हात लावायचा नाही."

"आणि चामड्याला पडलेला हा खळगा? त्यावर रंग मार थोडा."

"त्यालाही नाही."

डिग्नाचे डोळे भरून आले. माणूस गेला की त्याच्या खुणाच उरतात, हे तिला पटत होतं. ती मागचं रेक्झिन पुसू लागली.

एरास्मो अकराला आला. सोबत गाडीतळावरचे चार ड्रायव्हर, काखेत वही. गाडीभोवती फिरून त्यानं आत डोकावलं.

"वा वहिनी! फाउस्तो असता तर त्यानंही एवढी निगा राखली नसती." मग तो इतरांकडे वळला. "सिंह होता सिंह! नऊ वर्षांपूर्वी ट्रकनं ह्याच गाडीला दरीच्या काठावर ढकललं. छत चेपून खाली आलं. दुसरा असता तर घाटाचं नाव काढता ना. हा पंधरा दिवसांत नवं छत घालून पुन्हा नंबरात हजर!"

"आणि बायको बरोबर," एक ड्रायव्हर हसत म्हणाला. "तेव्हापासून एक फेरी चुकवली नाही वहिनींनी. ओकोआच्या बायका फार देखण्या ना!"

"आणि पुलापलीकडे आंबेवालीपाशी रोज थांबायचं," दुसरा म्हणाला. "आंब्याचा मोसम नसला तरी!"

ओनेलिया हसली नाही. ओकोआची माणसं मातीला आली तेव्हा तिच्याच गळ्यात पडून रडली होती. ते का, हे तळावरच्या कुणीच विचारलं नव्हतं.

"टोपीचं आठवतं का?" तिनं विचारलं.

"न आठवायला काय झालं!" एरास्मो म्हणाला. "तळावर संघाची टोपी सक्तीची, म्हणून पुलापर्यंत कसाबसा घालायचा. आंबेवाली आली की टोपी मांडीवर! केसांचा तोरा केवढा! उंची तर माझ्याएवढी. डोकं छताला घासायचंच."

"मग बसा की आत. त्याच्या जागी."

"बसतो. मेहुण्यालाही सांगता येईल." एरास्मो गुडघे दुमडत स्टिअरिंगमागे शिरला. त्याचं डोकं छताला टेकलं. तो जरा हलला. "हा खळगा असा अगदी पुढच्या कडेला कसा? इथं तर कुणी बुटकं माणूस सरकून बसत असेल."

ओनेलिया बाहेर उभी होती. तिचं डोकं जेमतेम दाराच्या वरच्या कडेपर्यंत पोचत होतं.

"नियम वाचा ना," ती म्हणाली. "मोठ्यानं."

"अहो, पाठ आहे मला. ज्यानं तीच गाडी घाटात पाच वर्षं..."

"आता वर बघा."

एरास्मोनं मान वर केली. त्याच्या डोक्यावरचं छत कोरं करकरीत होतं. फाउस्तोच्या तेलाचा डाग छताला होता, पण शेजारच्या सीटच्या वर, नऊ वर्षं जिथं बायको बसते असं सगळा तळ समजत होता.