रंगाआधीची फट

नऊ मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे, सुटे भाग शहाऐंशी. विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या तपासनिसाने विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचा डावा पंख सहाव्यांदा सोडवला. दीड मिलिमीटरची फट काही केल्या मिटत नव्हती.

“अहो, एवढ्या वेळात खरं विमान जाऊन आलं असतं,” बायको म्हणाली. “पुट्टी भरा आणि मारा रंग. रंगाखाली कोणाला दिसणार आहे?”

त्याच्या हातातली कानस थांबली. एकोणीस वर्षांपूर्वी खऱ्या पंखाच्या सांध्यातली चीर दाखवणाऱ्या फिटरला त्याने हेच ऐकवून सही ठोकली होती.

“काय हो, काय झालं?”

“काही नाही. पुन्हा घासतो.”

ते विमान पडले तेव्हा आत त्रेसष्ट माणसे होती.