टोपी काढून उभं राहायचं

दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी, नेवाडाच्या वाळवंटात जुन्या लढाऊ विमानांची शर्यत चालू असताना, पिवळं विमान एकाएकी रांग सोडून सरळ वर चढलं.

प्रेक्षकांच्या पुढच्या रांगेतले जवळजवळ सगळे उठले. वेंडेलनं टोपी काढली. इंजिन दगा देऊ लागलं की वैमानिक आधी उंची गाठतो, आणि तो सुखरूप उतरेपर्यंत प्रेक्षकांनी टोपी काढून उभं राहायचं, ही तिथली जुनी रीत.

"ऊठ, नडीन. विमानातलं पोरगं अडचणीत आहे."

बायको उठली, तिनं वर पाहिलं. "वेंडेल, ते इकडे वळतंय रे!"

"एकतीस वर्षं याच खुर्चीवर बसतोय मी. कधी आलंय इकडे?"

"मग तू राहा उभा पुतळ्यासारखा. मी चालले."

विमान त्यांच्याच रांगेवर कोसळलं.

सहा वाजता चौकशी अधिकाऱ्यानं बचावलेल्या वेंडेलला विचारलं, "पळायला वेळच मिळाला नाही का?"

"सात-आठ सेकंद मिळाले असतील."

"बाई पळाल्या?"

"निघाली होती." वेंडेलनं मान खाली घातली. "मी तिचा हात धरून ठेवला. म्हटलं, तो वर झगडतोय आणि आपण पाठ फिरवायची?"

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही.

सात वाजेपर्यंत नडीनचं नाव एकाही इस्पितळाच्या यादीत आलेलं नव्हतं. वेंडेल उभाच होता, टोपी हातात धरून.