लेक मारते मला

"बघा, लेक मारते मला!" आईने बाही वर सारून दंडावरचा काळानिळा डाग गिऱ्हाइकाला दाखवला आणि स्वतःच खो खो हसली. मशीनवर बसलेली मावशीही हसली. डॉक्टरकी शिकणारी लेक सुट्टीला आली होती, काजं करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "टाचण्या तोंडात धरल्यास तर अजून मार खाशील."

शिलाईच्या दुकानातला तो शेवटचा साधा दिवस. कुठे आपटल्याचं आठवत नसताना आईच्या अंगावर डाग उठत होते. वय झालं, कातडी नाजूक झाली, म्हणून तिघींनीही ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी आईने दुखरी दाढ काढून घेतली. रक्त थांबलंच नाही. दवाखान्यात तिचं अंग पाहून नर्सने विचारलं, "यांना घरी कुणी मारतं का?" आई गेली तेव्हा मावशी लेकीकडे बघत एवढंच म्हणाली, "म्हणजे ताई गंमत करत नव्हती."

डाग कुठून आले हे लेकीलाही ठाऊक नव्हतं. पुढे ती रक्ताच्या आजारांची डॉक्टर झाली.

बऱ्याच वर्षांनी तिच्या वॉर्डात एक म्हातारी आली. अंगभर तसेच डाग. मुलगा बायकोवर खेकसत होता, "खरं सांग, काय केलंस आईला?"

"बोटसुद्धा लावलं नाही हो," सून भिंतीला टेकून रडत होती.

डॉक्टरने म्हातारीच्या रक्तातला पिवळा द्रव निरोगी माणसाच्या द्रवात मिसळून उबेत ठेवला. रक्त गोठवणारं नुसतं काही कमी असतं तर निरोगी द्रवाने ते भरून निघालं असतं. पण ते मिश्रणही गोठेना. म्हातारीच्याच शरीराने रक्त गोठवणाऱ्या घटकाला शत्रू ठरवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती. मार कुणाचाच नव्हता.

औषधं लागू पडली. डाग पिवळे झाले, विरले. घरी निघताना म्हातारीने सुनेचा हात धरला. "आता मार बघू, किती मारतेस!" अख्खा वॉर्ड हसला. सगळ्यांत मोठ्याने मुलगा.

डॉक्टर व्हरांड्यात आली. तिने फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"मावशी," ती म्हणाली, "आई गंमतच करत होती."