उंदरांच्या आधी

देऊळ असो नाहीतर दवाखाना, पुढारी रंगनाथरावांनी उभ्या जन्मात कधी नंबर लावला नव्हता. लिव्हरचा कॅन्सर निघाला तेव्हाही त्यांनी आधी वशिला शोधला, आणि तो त्यांच्याच गावात, राहात्यात सापडला. नॅथन मास्तरांची स्टेला पुण्याच्या प्रयोगशाळेत याच रोगावर काम करत होती. नाताळला ती घरी आली, तशी रावांनी मांडव घालून शाल-नारळ उरकला आणि तिला बाजूला घेतलं.

"पोरी, तुझं औषध करतं तरी काय?"

"कॅन्सरच्या पेशीत एक जनुक सोडायचं, काका, आणि जोडीला एक प्रथिन. दोन्ही मिळून त्या पेशीला आपणहून मरायला लावतात. पण हे अजून काचेच्या बशीतच जमलंय. आता उंदरांना देऊन बघणार. माणसांचं त्यानंतर."

"माझ्याआधी उंदीर?" एवढा अपमान विरोधकांनीही केला नव्हता. रावांनी तिथूनच मंत्र्यांच्या पीएला फोन लावला. "साहेबांना शब्द टाकायला सांगा. उंदरांच्या पहिल्या तुकडीत आपलं नाव घालायचं हाय."

स्टेला म्हणाली, "फक्त एक आहे, काका. त्या तुकडीतला उंदीर बरा झाला तरी शेवटी त्याला मारतात आणि लिव्हर कापून बघतात."

रावांनी फोनवर हात ठेवला. मग हात काढून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मुक्या जिवाचा हक्क मारणं आपल्या तत्त्वात बसत न्हाई."

मांडवात कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या मात्र कडकडून पडल्या.