लाल डबा

"छातीतली धडधड गोळीमुळे आहे की कॉफीमुळे, ते आधी कळू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा आठवडे कॉफी पूर्ण बंद. तरीही थांबली नाही, तर गोळी कमी करावी लागेल."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. थायरॉइडची ती गोळी सुरू होण्याआधी दोन पायऱ्या चढल्या की त्या बसकण मारायच्या. भर दुपारी शिवणयंत्रावर डोकं टेकून पेंगायच्या. केस गळतील म्हणून कंगवा फिरवायचीही धास्ती. गोळीने बाई पुन्हा माणसांत आली होती. "हार्मोन म्हणजे विष हो," असं शेजारीण उठताबसता ऐकवायची, पण काकू बधल्या नव्हत्या.

"बंद म्हणजे बंद," काकू म्हणाल्या. "गोळी नाही सोडायची मी."

मिनिटकाका मनातल्या मनात हसले. घड्याळदुरुस्तीच्या दुकानामुळे सगळी गल्ली त्यांना मिनिटकाका म्हणायची, आणि बायकोच्या असल्या तीन शपथा त्यांनी पाहिल्या होत्या. पहिली चार दिवस टिकली, दुसरी दोन. तिसरीने तर संध्याकाळही पाहिली नाही.

पण या वेळी त्यांना हसून चालणार नव्हतं. ती पुन्हा तशी गळून बसली, तर घरात भांडायचं कुणाशी? काकूंना पुढे पाठवून ते कॉफीच्या दुकानात शिरले.

"कॅफीन काढलेली पूड आहे?"

"तुम्हाला?" दुकानदारीण बघतच राहिली.

"छे! ते काळं पाणी मी पिणार? डोळे बांधून घोट द्या, जिभेला पटकन कळेल. बायकोसाठी हवीय. चोरून प्यालीच, तर निदान बाधू तरी नये."

घरी फळीवर दोन डबे असत. निळा काकांचा, कडक कॉफीचा. लाल काकूंचा. कॉफी काकूच करायच्या, स्वयंपाकघरात काकांनी लुडबुड करायची नाही असा कायदाच होता. काकू अंघोळीला गेल्या तेव्हा काकांनी कायदा मोडला. लाल डबा रिकामा केला आणि नवी पूड भरून झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्यापुढे कप ठेवला आणि स्वतः गरम पाण्याचा पेला घेऊन बसल्या.

"कशी झालीय?"

"फक्कड! तुझ्या हाताला तोड नाही."

काकूंनी पेला रिकामा केला. त्यांनी शिवण पुढे ओढलं.

तिसऱ्या दिवशी काकांनी हळूच लाल डबा उघडून पाहिला. पूड खाली गेली होती! आठवडा संपेपर्यंत पाव डबा गायब. "लबाड कुठली," काका पुटपुटले. त्यांना राग आला नाही, उलट तिची कीव आली. बिचारी तोंडावर पाणी पिते आणि पाठीमागे कॉफी. पिऊ दे, त्या पुडीत आहे काय!

त्या आठवड्यात त्यांचं डोकं मात्र ठणकत होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं, दुसरं काय होणार? काकू म्हणाल्या, "नवं भिंग घ्या, कंजूषपणा पुरे." काका आजउद्या करत राहिले आणि ठणका आपोआप थांबला.

दुकानात एक खण होता. त्यात बायकांची नाजूक मनगटी घड्याळं पडून होती. गिऱ्हाईक आलं की काका सांगायचे, "सुटे भाग येत नाहीत हो हल्ली." भाग सगळे होते. हात थरथरायचा, चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसायची नाही. वय झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

चौथ्या आठवड्यात एका घड्याळाची स्प्रिंग पहिल्याच झटक्यात बसली. काका चिमट्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तो खण सगळाच टेबलावर उपडा केला. रात्री बाराचे ठोके ऐकल्याशिवाय ज्यांना झोप येत नसे, ते काका आता दहालाच घोरत होते. बायकोची काळजी मिटली की माणूस असा सुधारतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगत सुटले.

लाल डबा तळाला गेल्यावर ते पुन्हा पूड आणायला गेले. दुकानदारिणीने विचारलं, "तुमची नेहमीची नको? बऱ्याच दिवसांत नेली नाही."

"असेल अजून. ते खातं बायकोकडे."

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी काकूंची नाडी पाहिली, कागद पाहिले आणि हसल्या. "धडधड गेली. कॉफीच नडत होती. गोळी चालू ठेवा."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांनी भर दवाखान्यात त्यांचा हात धरला.

घरी काकूंनी कॉफी केली, काकांच्या हातात कपबशी दिली, आणि आता काकांच्या पोटात ती गोष्ट राहीना.

"अगं, एक कबूल करू? लाल डब्यात मी कॅफीन काढलेली पूड भरून ठेवली होती. दोनदा! तू चोरून पीत होतीस, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मी?" काकू ताडकन उठल्या. "अहो, त्या गोळीसाठी जीव मुठीत धरून बसले होते मी. सहा आठवड्यांत एक थेंब घेतलेला नाही!"

"मग डबा रिकामा कुणी केला?"

काकूंनी काकांच्या हाताकडे पाहिलं. कप बशीवर जराही वाजत नव्हता. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि हसू फुटून त्यांना बोलताच येईना.

"लाल डबा समोर दिसला की माझा जीव वरखाली व्हायचा. म्हटलं आधी तोच संपवून टाकू, तर मेला संपेचना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या निळ्या डब्याचं झाकण मी सहा आठवड्यांत उघडलेलंसुद्धा नाही."