खालची मोकळी जागा

"त्याला सांग, नळाला पाणी आलंय," रखमाजी म्हणाले.

"त्यांना सांग, मी भरून ठेवलंय," प्रशांत म्हणाला.

दोघं एकाच खोलीत. मधे विमलबाई भाकरी थापत बसलेल्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. अबोल्याची रीतच तशी. ऐकू सगळ्यांना येतं, पण शब्द तिसऱ्याच्या दारावरून गेला पाहिजे.

"मी काय टपालखातं हाय का तुमचं?" त्या परातीकडे बघत म्हणाल्या.

वर्ष उलटून गेलं होतं. प्रशांतनं भिंगारच्या लष्करी ऑफिसातली नोकरी सोडली, त्या दिवशी रखमाजींचं तोंड बंद झालं. ते त्याच ऑफिसात कारकून. पोराला चिकटवायला त्यांनी किती उंबरे झिजवले, ते त्यांनाच ठाऊक. आणि हे दिवटं सोडून काय करतंय, तर म्हणे कॉम्प्युटरवर कुणालाही रोज काहीबाही लिहिता येईल आणि ते जगात कुठंही वाचता येईल, असं सॉफ्टवेअर. नव्व्याण्णव सालची गोष्ट. भिंगारात निम्म्या लोकांना इंटरनेट हा नवा टीव्ही वाटायचा.

सायकलच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत प्रशांतचा कारखाना चाले. इंटरनेट फोनच्या तारेवरून चाले आणि रात्री फोन स्वस्त पडायचा, म्हणून काम रात्री. दुपारी विमलबाई डबा आणत. तो जेवायचा आणि तिथंच चटईवर घोरायला लागायचा. डबा घासून त्या ऊन उतरेपर्यंत बसून राहत.

सॉफ्टवेअरचं नाव त्यानं 'फळा' ठेवलं होतं. नवं लिहिलेलं वर, जुनं खाली. कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या विमलबाईंनीच कापून चिकटवल्या होत्या.

"आई, बस इथं. तुला जमलं तर कुणालाही जमेल."

त्याचं सगळं दाखवून झालं, तरी त्यांनी हात पदराखालीच ठेवला. "नको रं बाबा, करंट बसंल."

त्याचं तोंड पडलेलं बघून त्या म्हणाल्या, "बुद्धविहाराच्या फळ्यावर तुझे बाबा सकाळी एक ओळ लिहितात ना, तिच्याखाली हल्ली कुणीतरी उत्तर लिहून जातंय. बाबा ते पुसू देत न्हाईत कुणाला. रोज वाचत उभे राहतात. तू बी ठेव की तशी जागा. खाली, मोकळी."

प्रशांत बघतच राहिला. दोन रात्री जागून त्यानं ती मोकळी जागा केली. कुणीही यावं, खाली उत्तर लिहावं.

पहिलं उत्तर आलं ते 'तिसगावकर' नावानं.

'लहानपणी खडू खाणारं पोर आता फळा करायला निघालंय. करू द्या.'

प्रशांतनं ते तीनदा वाचलं. खडूची गोष्ट घरातली. तिसगाव हे त्यांचं मूळ गाव. आई तर कीबोर्डला बोट लावत नव्हती. राहिलं कोण? ऑफिसात नुकतेच कॉम्प्युटर आले होते, आणि उत्तर नेहमी दुपारचं यायचं, जेवणाच्या सुट्टीत. माणूस बोलण्यात कडक आणि लिहिण्यात एवढा मऊ! प्रशांतनं ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर बाबा लाजून थांबले असते.

तो रोज लिहू लागला. नोकरी का सोडली, भीती कशी वाटते, सगळं. खाली तिसगावकर कधी चिमटा काढी, कधी पाठीवर हात ठेवी. लोक वाचायला येऊ लागले. पुण्याचे, मुंबईचे, पार अमेरिकेतले. लोकांनी स्वतःचे फळे उघडले.

आणि मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. आम्ही येतोय, शक्य झालं तर त्या तिसगावकरांनाही बोलवा.

त्या संध्याकाळी प्रशांत विहारात गेला. रखमाजी फळ्यापाशी उभे होते. मधे तिसरं कुणी नव्हतं.

"बाबा, उद्या मुंबईचे लोक येताहेत. तुम्ही या."

रखमाजींनी खडू डबीत ठेवला. "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेतलेल्या विमलबाईंबरोबर, दुकानावरच्या खोलीत आले. कंपनीच्या वृषालीबाईंनी हात जोडले. "तुम्हीच तिसगावकर?"

"व्हय, मूळचे तिसगावचेच," रखमाजी ताठ बसून म्हणाले.

करार झाला. प्रशांतचा फळा आता देशभर जाणार होता आणि त्याचं ऑफिस भिंगारातच राहणार होतं. पाहुणे गेले. बापलेक समोरासमोर उरले.

"तुमचं एकेक अक्षर वाचलंय मी," प्रशांत म्हणाला.

"मीही फळ्यावरचं तुझं वाचलं. रोज." रखमाजींचा आवाज फाटला. "पोरगा नमला, म्हटलं आता आपण किती ताणायचं."

कोण नमलं यावर वाद घालायची प्रशांतला मुळीच इच्छा नव्हती. त्यानं वाकून पाय धरले. रखमाजींनी त्याला उठवून छातीशी घेतलं. त्याला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"चल, विहारात पेढे वाटू," रखमाजी म्हणाले. "विमल, तू येतेस ना?"

"व्हा पुढं. डबा घासून आलेच."

जिन्यावर दोघांचे आवाज एकात एक मिसळले. ते विरेपर्यंत विमलबाई थांबल्या. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि एका बोटानं, चिठ्ठीवरचं एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं, 'काम झालं. आता तुमचं तुम्ही बोला. – तिसगावकर.'

आणि पदराची गाठ सोडून आतला खडूचा तुकडा त्यांनी खिडकीतून बाहेर फेकून दिला.